परदेशी योग, घरी क्षेम

सायंकाळी देवापुढे दिवा लागला म्हणजे घरची मंडळी ओसरीवर जमावयाची, हा प्रघात आमच्या चिखलीच्या घरी अद्याप टिकून आहे. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले, समोरच्या रानात इमारती उठल्या, आणि ज्या तरुणांचे आजे बैलगाडीने बाजारास जात त्यांस नेण्यासाठी आता पहाटे कारखान्यांच्या बसगाड्या येतात. परंतु दिवसाचा हिशेब ओसरीवरच होतो. गेल्या महिन्यात अशाच वेळी आमची धाकटी सूनबाई हातात एक पत्र घेऊन आली. ती 2012 सालापासून चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहे, आणि कारखाना तिला दोन वर्षांसाठी जर्मनीस पाठवीत आहे. तिची सहा वर्षांची मुलगी आजीला बिलगून बसली. वहिनींनी डोळ्यांस पदर लावला. सूनबाईने मात्र आम्हांस एकच प्रश्न केला, “काका, मी तिकडे असताना इथल्या पेन्शनच्या वर्गणीचं काय होईल?”

हा प्रश्न ऐकून आम्हांस संतोष वाटला, आणि त्याहून अधिक लाज वाटली. लाजेचे कारण वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आमचा थोरला पुतण्या 2009 साली असाच एका कारखान्यात लागला. आठ वर्षे नोकरी करून 2017 च्या दिवाळीपूर्वी तो जर्मनीस गेला, परंतु कारखान्यातर्फे नव्हे. येथील नोकरी सोडून तिकडे नवी धरली. जाण्यास पैसा हवा होता. प्रॉव्हिडंट फंडाबरोबर पेन्शनच्या खात्यातीलही रक्कम काढता येते असे कोणी सांगितले, तेव्हा त्याने आमचा सल्ला विचारला. “दहा वर्षे भरली नाहीत तेथे पेन्शन कसली? घे काढून,” असे आम्हीच म्हणालो. 10-सी नावाचा नमुना भरला गेला, लाखाच्या वर थोडी रक्कम हाती आली आणि तिकिटात व तेथील घराच्या अनामतीत खर्च झाली.

पावणेचार वर्षांनी वडिलांच्या आजारपणामुळे तो परत आला. पुन्हा नोकरी लागली. परंतु पेन्शन योजनेचे दार मात्र बंद झाले होते. 1 सप्टेंबर 2014 नंतर जो नव्याने सभासद होईल त्याचे वेतन महिना 15,000 रुपयांहून अधिक असल्यास त्यास या योजनेत प्रवेश नाही, असा नियम आहे. पैसे काढून घेताच त्याचे जुने सभासदत्व संपले आणि तो नवखा ठरला. तिकडे जर्मनीतही पेन्शनचा हक्क येण्यास निदान पाच वर्षांची वर्गणी लागते. त्याची चारही पुरी झाली नव्हती. दोन्ही देशांत मिळून पावणेबारा वर्षे राबून दोन्हीकडे हात रिकामे!

आमचे दुःख येथेच संपत नाही. भारत व जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा जो विस्तृत करार झाला, तो 1 मे 2017 रोजी, म्हणजे पुतण्या जाण्यापूर्वीच, अमलात आला होता. त्यान्वये एका देशातील वर्गणीची वर्षे दुसऱ्या देशातील वर्षांत मिळवून पात्रता मोजता येते, आणि मग प्रत्येक देश आपापल्या वर्षांपुरती पेन्शन देतो. त्याने रकमेऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’, म्हणजे आठ वर्षांच्या सेवेचे प्रमाणपत्र, मागितले असते, तर येथील आठांमुळे तेथील पाच भरली असती आणि तेथील वर्षांमुळे येथील दहा. कागद एकच, परंतु त्याने दोन कुलपे उघडली असती. ज्या आम्ही शाळेत तीस वर्षे ‘सेवाखंड’ या शब्दाला साप पाहिल्याप्रमाणे भ्यालो, सर्व्हिस बुकातील एकेका दिवसासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आणि त्यामुळेच आज पेन्शन खात आहोत, त्या आम्ही पुतण्याला आपल्या हाताने सेवाखंड करावयास सांगितले.

आता या पेन्शनचे स्वरूप थोडक्यात सांगतो. कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतही फंड व पेन्शन यांतील भेद ठाऊक नसतो. फंड 1952 च्या कायद्याचा. पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासूनची. नोकराच्या पगारातून कापलेला भाग सर्वस्वी फंडात जातो. पेन्शनचा पैसा मालकाच्या वाट्यातून निघतो: वेतनाच्या 8.33 टक्के, परंतु 2014 साली ठरलेल्या 15,000 च्या मर्यादेत, म्हणजे महिना 1,250 रुपयांपर्यंत. निदान दहा वर्षे सेवा झाली म्हणजे 58 व्या वर्षी हक्क येतो. वेतनाच्या सरासरीस सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरांनी भागावे, की मासिक पेन्शन निघते. 15,000 व दहा वर्षे धरल्यास 2,142 रुपये होतात.

“एवढ्याशा रकमेसाठी इतका खटाटोप?” असे कोणी म्हणेल. रक्कम अल्प आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु ती मरेपर्यंत दरमहा येते, तिच्यामागे पत्नीची किंवा पतीची व लहान मुलांची तरतूद उभी असते, आणि जर्मनीसारख्या देशातील मोठ्या पेन्शनचे दारही कित्येकदा तिच्याच वर्षांनी उघडते. फंडात रुपये मोजतात, पेन्शनमध्ये वर्षे. रुपये पुन्हा मिळविता येतात. गेलेली वर्षे मिळविता येत नाहीत.

म्हणून सूनबाईस आम्ही यावेळी विचारपूर्वक उत्तर दिले. ती कारखान्याच्याच नोकरीत राहून, त्याच्यातर्फे जात आहे. अशा नोकराने जाण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ नावाचा दाखला घ्यावा. तो दाखविला म्हणजे जर्मनीत पेन्शनची वर्गणी द्यावी लागत नाही आणि येथील वर्गणी अखंड चालू राहते. ही सवलत 48 महिन्यांची असून पुढे आणखी 12 महिने वाढविता येते. तेथील पेन्शनची वर्गणी वेतनाच्या 18.6 टक्के, निम्मी नोकराची व निम्मी मालकाची. तेव्हा दाखला विसरणे उभयतांस महाग पडते. आजारपणाच्या विम्याची व्यवस्था मात्र निराळी पाहावी.

जे पुतण्याप्रमाणे तिकडचीच नोकरी धरतील, त्यांची येथील वर्गणी थांबणार हे उघड आहे. त्यांनी वर्गणी थांबली म्हणून वर्षे पुसू नयेत, एवढेच आमचे सांगणे. प्रमाणपत्र घ्यावे आणि जपावे. जपान, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी आपले करार आहेत. प्रत्येकाच्या अटी निराळ्या, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्या वाचाव्यात. जपाननेही 2017 साली आपली किमान मुदत पंचवीस वर्षांवरून दहांवर आणली. परंतु तेथून परतताना एकरकमी पैसे उचलले, तर ती वर्षे गेली असे समजावे. मोह येथून तेथून सारखाच!

अमेरिकेशी आपला असा करार नाही. तेथे हक्कास साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि त्याआधी परतणाऱ्याचे पैसे तेथेच राहतात. आखाती देशांत परदेशी नोकराच्या पदरी बहुधा नोकरी सुटतानाची एकरकमी रक्कमच पडते. या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या मुलांनी, तसेच ज्यांना 2014 च्या नियमामुळे येथील पेन्शन लागूच नाही त्यांनीही, राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतःचे खाते उघडावे. ती 2009 पासून सर्व नागरिकांस खुली असून परदेशी राहणाऱ्या भारतीयांसही तीत भरणा करता येतो.

संस्कृतात ‘योगक्षेम’ असा एक सुंदर शब्द आहे. मुंबईस आयुर्विमा महामंडळाच्या मुख्य कचेरीस हेच नाव दिलेले आहे. नसलेले मिळविणे हा योग, आणि मिळालेले राखणे हा क्षेम. तरुणांची दृष्टी योगावर असते आणि ती तशीच असावी. क्षेमाची काळजी वाहणे हे घरातील वडील माणसांचे काम. परदेशी निघालेल्या मुलाच्या पेटीत आपण लोणच्याची बरणी व अंगारा न विसरता घालतो. त्याबरोबर त्याचा फंडाचा क्रमांक, वारसाची नोंद आणि सेवेचे दाखले यांची एक प्रत घरच्या कपाटात राहिली की नाही, हेही विचारीत जावे. आणि ठाऊक नसेल तर आमच्यासारखा अधिकारवाणीने सल्ला न देता, जाणत्याकडे चौकशी करावी.

सूनबाईचा दाखला गेल्या आठवड्यात आला. त्याचा अर्ज तिच्या थोरल्या दिरांनीच रात्री बसून भरून दिला. आम्ही शेजारी होतो. परंतु त्याने आम्हांस काहीच विचारले नाही, आणि आम्हीही काही सांगितले नाही.