कोर्टाची पायरी आणि आमच्या मुली

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. एखादी मुलगी ‘मी वकील होणार’ म्हणाली, की घरी तिला हीच म्हण ऐकवली जाते, असा आमचा अनुभव आहे. वकिली म्हणजे आरडाओरड आणि टेबलावर हात आपटणे, हे चित्र हिंदी सिनेमाने पक्के केले आहे. मुलगी इतकी ‘तेज’ होऊ नये, ही पालकांची काळजी.

अशा पालकांनी सुजाता मॅसी यांची पर्वीन मिस्त्री ही इंग्रजी रहस्यमाला जरूर पाहावी. तिची पहिली कादंबरी ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ २०१८ साली आली. काळ १९२१ चा, शहर मुंबई. पारशी घरातली पर्वीन वडिलांच्या कचेरीत वकिलीचे काम करते, पण स्त्री म्हणून तिला कोर्टात उभे राहता येत नाही. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवांनी आपला सारा वारसा धर्मादाय कामाला दिल्याचा कागद तिच्यापुढे येतो. एकीची सही म्हणजे नुसती फुली! जिला वाचता येत नाही, तिने संमती दिली तरी कशाला? पुरुष वकिलाला जिथे प्रवेश नाही, त्या जनान्यात पर्वीन जाते आणि तिघींचे म्हणणे ऐकून घेते. मग खून होतो आणि गोष्ट वेग घेते.

या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. त्यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तेथील कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हाती पडली १९२२ मध्ये! मधली अनेक वर्षे त्यांनी पडद्यातल्या शेकडो स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणे सांभाळली. स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा १९२३ साली झाला.

पर्वीनचा कणखरपणा आवाजात नाही, कागद नीट वाचण्यात आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हेच. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही शिकल्यासवरल्या घरांतून बहिणी हक्कत्यागाच्या कागदावर न वाचता सही करतात. भावाला द्यायचे असेल तर खुशीने द्यावे, पण काय देतो आहोत हे वाचून द्यावे. मुलगी वकील होवो वा न होवो, एवढे तिला आलेच पाहिजे. आणि बहिणीपुढे कागद ठेवताना तो आधी समजावून सांगावा, हे मुलांनाही शिकवले पाहिजे.

कादंबरीत लग्नातल्या छळाचाही भाग आहे. म्हणून ती अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनीच वाचावी, आणि शक्यतो पालकांनीही सोबत वाचावी, अशी आमची विनंती आहे.