जोडीदाराकडे फार पाहते

मी दुसरी आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोल्ह्याची गोष्ट ऐकवायला टपून बसलेल्यांचा वेळ वाचेल. द्राक्षं मी अगदी जवळून पाहिली आहेत. ती आंबट नव्हती, प्लास्टिकची होती.

स्पर्धा होती स्विंग नृत्यसुंदरीची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक हॉटेल, त्यातला बॉलरूम आणि १९४० च्या दशकाचा सगळा थाट: ठिपक्यांचे फ्रॉक, कपाळावर गुंडाळी करून पिना मारलेले केस, मागे शिवण असलेले स्टॉकिंग्ज, लालभडक लिपस्टिक. शेवटी जिंकणारीच्या खांद्यावरून पट्टा आणि डोक्यावर मुकुट. फेऱ्या चार. पोशाख, गाऊन घालून चालणं, प्रश्नोत्तरं आणि नाच. नाच स्पर्धेच्या नावात पहिला आणि गुणपत्रिकेत चौथा. मी गेले होते ती त्या चौथ्यासाठी. लिंडी हॉप हा माझा जीव की प्राण. बाकीच्या तीन फेऱ्या निभावून नेऊ, असा हिशेब होता.

निकालानंतर आयोजकांनी मोठ्या मनाने गुणपत्रिका हातात ठेवली. नाचाच्या रकान्यात एका परीक्षकबाईंचा शेरा होता: जोडीदाराकडे फार पाहते, प्रेक्षकांकडे कमी, हसू कमी पडतं. दुसऱ्या महाशयांनी लिहिलं होतं: मध्येच ताल चुकला.

तो ताल कुठे 'चुकला' तेवढं सांगते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या होत्या. माझ्या वाट्याला आले ते सत्तरी ओलांडलेले, साध्या पँट-शर्टातले एक कृष्णवर्णीय गृहस्थ. गुडघा कुरकुरत होता, हे त्यांनी आधीच सांगितलं. लिंडीतली मूळ चाल म्हणजे स्विंगआउट, आठ मात्रांची. पहिल्या चार मात्रांत एकमेकांजवळ यायचं, मग गिरकी घेत सुटायचं, आठव्या मात्रेला दोघं हात ताणून लांब आणि मध्ये फक्त बोटांची पकड. दुसऱ्या की तिसऱ्या आवर्तनात पाचव्या मात्रेवर गृहस्थ थांबले. नुसते थांबले. पाय जमिनीला, एक खांदा जरासा खाली. त्यांच्या बोटांवरून मला कळलं की आता हलायचं नाही. मीही थांबले. ड्रमरचं लक्ष होतं. त्याने त्या मोकळ्या जागेत एक टोला ठेवून दिला आणि आम्ही तिघं एका क्षणी पुढे निघालो. समेच्या आधी गवयाने अशी जागा सोडली की आपल्या मैफिलीत मांड्यांवर हात पडतात. इथे गुण कापले गेले, कारण परीक्षकांच्या कागदावर त्या दोन मात्रांत 'काही घडलं नाही'.

आता मला सांगा, जो नाच दोघांनी एकमेकांच्या हातातून ऐकायचा, त्यात जोडीदाराकडे पाहायचं नाही तर काय परीक्षकांच्या टेबलाकडे पाहायचं? पण नेमकं तेच अपेक्षित होतं. विजेत्या मुलीची गिरकी दर वेळी टेबलासमोर सुटायची, दात बरोबर दिव्याखाली यायचे. ती वाईट नाचत होती असं मी म्हणणार नाही. पाय चांगले आहेत तिचे. तिला काय पिकतं ते कळलं होतं आणि तिने तेच पेरलं. दोष तिचा नाही. तिचा जोडीदार मात्र त्या सगळ्या वेळात कुठे होता, हे त्या हॉलमध्ये कुणालाही विचारा. आठवणार नाही.

लगेच प्रश्न येतो की स्पर्धा तर लिंडी जिथे जन्मली त्या न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतही व्हायच्या, मग तुम्हालाच काय धाड भरली? हो, व्हायच्या. आणि कशा व्हायच्या ते ऐका. सॅव्हॉय बॉलरूम १२ मार्च १९२६ ला न्यूयॉर्कच्या लेनॉक्स ॲव्हेन्यूवर उघडलं, १४० व्या ते १४१ व्या रस्त्यापर्यंत अख्खा ठोकळा व्यापून. दोन बँडस्टँड, म्हणजे संगीत थांबायचा प्रश्नच नाही. काळे-गोरे एकाच फरशीवर नाचायचे, जे तेव्हाच्या अमेरिकेत अपवादानेच दिसायचं. तिथे १९३५ च्या सुमारास शॉर्टी स्नोडेन या नामी नर्तकाच्या मंडळींशी फ्रँकी मॅनिंग या विशीतल्या पोराचा सामना झाला. स्नोडेन बुटका, त्याची जोडीदारीण बिग बी चांगली उंच. नाच संपताना ती त्याला पाठुंगळी टाकून घेऊन जायची आणि लोक हसून लोळायचे. मॅनिंगने ती गंमत उचलली आणि उलटी केली: फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवर घेतलं, पाठीवरून पुढे टाकलं आणि ती बरोबर तालावर पायांवर उतरली. लिंडीतल्या हवेतल्या उड्या तिथून सुरू झाल्या. निकाल दिला तो टाळ्यांनी, आणि टाळ्या वाजवणारे स्वतः रोज रात्री नाचणारे होते. त्या रात्री स्नोडेन हरला म्हणायचं तर म्हणा. पण ज्या चालीने तो हरला, तिचं बी त्याच्याच विनोदात होतं. असं हरणं मी दहादा पत्करीन.

मग याच नाचाला टेबलं लागली. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' दैनिकाने १९३५ साली हार्वेस्ट मून बॉल सुरू केला. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, टँगो यांच्या रांगेत लिंडीही उभी केली. गर्दी इतकी लोटली की सेंट्रल पार्कमधला बेत गुंडाळून तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनला न्यावा लागला. लिंडीत पहिले आले लिऑन जेम्स आणि एडिथ मॅथ्यूज. उत्तम नाचणारी जोडी, प्रश्नच नाही. मॅनिंगही त्याच स्पर्धेत उतरला होता आणि पहिला आला नाही. आज २६ मे हा दिवस जगभर लिंडी हॉपचा दिवस म्हणून पाळतात, तो मॅनिंगचा वाढदिवस आहे. टेबलामागे बसणाऱ्यांनी हे एका कागदावर लिहून समोर ठेवावं, एवढंच माझं म्हणणं.

गंमत म्हणजे आमच्या स्पर्धेत मॅनिंग हजर होता. पडद्यावर, आवाज बंद करून. आम्ही गाऊन सावरत चालत असताना मागे १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटातलं ते प्रसिद्ध नृत्य फिरत होतं. मॅनिंगने बसवलेलं, मॅनिंग आणि नॉर्मा मिलर यांच्यासकट चार जोड्यांनी जीव तोडून नाचलेलं. त्यातल्या कुणाच्या अंगावर ठिपक्यांचा फ्रॉक नाही की गाऊन नाही. ते सगळे मोलकरीण, आचारी, मेकॅनिक अशा नोकरमाणसांच्या कपड्यांत आहेत, कारण हॉलिवूडने त्यांना दुसरे कपडे देऊ केलेच नव्हते. आता 'काळाला साजेसा पोशाख' या रकान्यात नॉर्मा मिलरला तिच्या ॲप्रनसकट किती गुण पडले असते? मी हे एका आयोजकाला विचारलं. तो म्हणाला, व्हिडिओ फक्त वातावरणनिर्मितीसाठी आहे.

या वातावरणाचा कळस प्रश्नोत्तरांत झाला. सगळ्यांना एकच प्रश्न: १९४२ सालात परत जाता आलं तर काय कराल? एकीला सैनिकांबरोबर नाचायचं होतं, एकीला रेडिओवर गायचं होतं. माझी पाळी आल्यावर मी खरं तेच बोलले. १९४२ साली मला या देशाचं नागरिक होता आलं नसतं. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या लेखी गोरा नाही, सबब नागरिकत्वाला अपात्र, असा निवाडा दिला होता. ते दार १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने उघडलं, पण भारतातून नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभर जणांपुरतंच. तेव्हा १९४२ च्या ऑगस्टमध्ये मी मुंबईत गवालिया टँकवर असते, म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत बहुधा कोठडीत. टाळ्या वाजल्या, पण पाहुण्याच्या पोराने भलतंच काही विचारल्यावर घरातले हसतात तसल्या. सूत्रसंचालकाने माइक काढून घेत 'फारच माहितीपूर्ण' असं म्हटलं.

बरं, हे दशक ज्यांना एवढं गोड वाटतं, त्यांना एप्रिल १९४३ माहीत आहे का? पोलिसांनी सॅव्हॉयला टाळं ठोकलं, ते काही महिने निघालं नाही. कारण दिलं वेश्याव्यवसायाचं आणि सैनिकांच्या आरोग्याचं. हार्लेमने ओळखलं ते वेगळंच: काळे आणि गोरे एकत्र नाचतात हे कुणाच्या तरी डोळ्यांत सलतंय. ज्यांच्या पावलांवर ही सगळी मौज उभी आहे त्यांच्या दाराला कुलूप होतं, आणि आपण ऐंशी वर्षांनी त्याच काळाची गोड गोड झालर लावून मुकुट वाटतो. पुढे १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद झालं, पाडून तिथे घरं बांधली. मॅनिंगने पन्नाशीच्या दशकात पोस्टात नोकरी धरली आणि तीसेक वर्षं केली. १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या दोन तरुण नर्तकांनी त्याला शोधून काढून शिकवायची गळ घातली, तेव्हा कुठे जगाला त्याची पुन्हा आठवण झाली. १९८९ मध्ये ब्रॉडवेवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू'साठी त्याला टोनी पुरस्कारातला वाटा मिळाला. पण मधली तीस वर्षं? तेव्हा पट्टे आणि मुकुट कुणाला मिळत होते, ते शोधायचीही मला इच्छा नाही.

आता आपल्या लोकांकडे वळते, नाहीतर म्हणाल अमेरिकेला झोडपते आणि घरच्यांना सोडते. निकाल कळल्यावर आईचा पहिला प्रश्न, "अगं, मग पहिली कोण आली?" जणू मी तिला ओळखत असले तर बदलून घेता येईल. आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, 'थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी नक्की!' आणि खाली मुकुटाचं चित्र. इथल्या एका मंडळाने गणपतीत सत्काराचं आमंत्रण दिलं: नऊवारी नेसा आणि एखादं बॉलिवूडचं करून दाखवा. लिंडी करते म्हटल्यावर मंडळाच्या काकू म्हणाल्या, "ते आपल्याकडे नाही ना चालत."

काकू, चालतं. सुमारे नव्वद वर्षं चालतंय. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे जॅझवादक आले. ते ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. त्यातला ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर व्हाझ, आपल्या सी. रामचंद्रांच्या साथीला होता. आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्या सुरावटींवर नाचला कोण? भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, चाळीत वाढलेला, अंगाने गोलमटोल. पाय जेमतेम वीतभर सरकणार, मनगट हलकंच फिरणार, कंबर तालाच्या किंचित मागे. प्रत्येक विसर्जन मिरवणुकीत आपण सगळे तेच नाचतो आणि कुणी शिकवलं ते विसरून नाचतो. भगवानदादांना आमच्या त्या स्पर्धेत उभं करा. पोशाखात बाद, चालण्यात बाद, हसण्यात कदाचित पास. नाचात शेरा पडेल: हालचाल अपुरी.

परीक्षकांच्या गणिताबद्दलही दोन शब्द, कारण 'तुम्हाला परीक्षणच नको' हा आरोप ठरलेला. मला ते हवंच आहे, पण धड हवं. लिंडीच्या गंभीर स्पर्धांत गुणांची बेरीज करत नाहीत. प्रत्येक परीक्षक क्रम लावतो आणि बहुमत कुणाकडे ते पाहतात. पाचपैकी तिघांनी पहिली ठेवली तर पहिली. तसं कुणालाच नसेल तर पहिले आणि दुसरे क्रम मिळून मोजतात. यातही मेख आहे: दोघांनी डोक्यावर घेतलेली आणि तिघांना अजिबात न पटलेली जोडी मागे पडते आणि सगळ्यांना बरी वाटलेली पुढे सरकते. तरी निदान कुणी काय ठरवलं ते दिसतं. आमच्याकडे सरळ बेरीज. एक परीक्षक सात ते आठच्या मध्ये घुटमळणारा, दुसरी तीनपासून दहापर्यंत उधळणारी. मग निकाल एकटी ती दुसरीच लावते, बाकीचे चहा पितात. माझ्या कागदावर तिचे आकडे कोणते, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. शेरा तिचाच होता, जोडीदाराकडे पाहण्याचा.

माझे जोडीदार गृहस्थ निकालाच्या आधीच निघून गेले होते. शेवटची बस होती त्यांची. जाताना एवढंच म्हणाले की ड्रमर चांगला होता.

गेल्या आठवड्यात आयोजकांचा फोन आला: पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून याल का? मी लेखी उत्तर पाठवलं. नाच पहिल्या फेरीत घ्या, गुण जोडीला द्या, एकट्या बाईला नाही. बेरजेऐवजी क्रम लावा आणि सगळ्या परीक्षकांचे कागद भिंतीवर चिकटवा. मागच्या पडद्यावर जे नाचतात त्यांची नावं आवाज चालू करून सांगा. आणि परीक्षकांपैकी निदान दोघं असे हवेत, ज्यांनी गेल्या महिन्यात कुठल्या तरी फरशीवर अनोळखी माणसाबरोबर नाच केला आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सूचना मोलाच्या आहेत, समिती विचार करेल; तूर्त परीक्षकांच्या गाऊनसाठी माझं माप आणि रंगाची पसंती शुक्रवारपर्यंत कळवावी.