कृत्रिम रक्तवाहिनी आणि पेटंटची मुदत

नव्या शोधाबद्दल संशोधकास ठराविक वर्षांपुरता अनन्य हक्क मिळावा, हें पेटंटचें तत्त्व न्याय्य आहे. परंतु तीं वर्षें कोणत्या दिवसापासून मोजावयाचीं, ह्या रुक्ष दिसणाऱ्या प्रश्नांत रोग्याचें केवढें हित गुंतलेलें असतें, हें अमेरिकेंतील एका खटल्यावरून ध्यानांत येतें.

बिनचिकट तव्यास ज्या टेफ्लॉनचा लेप असतो, तेंच द्रव्य ताणून सच्छिद्र केलें म्हणजे त्याची नळी निकामी रक्तवाहिनीच्या जागीं बसवितां येते. वारंवार डायलिसिस करावें लागणाऱ्या कित्येक रोग्यांच्या हातांतही अशीच नळी घालतात. ॲरिझोना राज्यांतील गोअर कंपनीचे पीटर कूपर यांनीं अशा नळ्या तयार करून डॉ. डेव्हिड गोल्डफार्ब यांस दिल्या. त्यांपैकीं कोणत्या बांधणीच्या नळींतून रक्त न गोठतां वाहत राहतें, हें गोल्डफार्ब यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांनीं हेरलें. १९७४ सालीं दोघांनींही निरनिराळे अर्ज केले. नेसरीकडील गुऱ्हाळावर काहील घडविणारा निराळा आणि पाक केव्हां उतरावयाचा हें ओळखणारा गुळव्या निराळा. न्यायालयानें मान गुळव्यास दिला, व आमच्या मतें तें योग्यच झालें.

खटकतें तें पुढचें. गोल्डफार्ब यांच्या हातीं पेटंट पडावयास २००२ साल उजाडलें. अर्ज जुन्या कायद्याखालचा असल्यामुळें १७ वर्षांची मुदत मंजुरीपासून सुरू झाली. म्हणजे १९७४ सालच्या अर्जाचा हक्क २०१९ पर्यंत चालला! विद्यार्थ्यांनीं वजाबाकी करून पाहावी. दरम्यान त्या नळ्या सर्रास वापरांत येऊन चुकल्या होत्या. गोल्डफार्ब व बार्ड कंपनी यांनीं गोअरवर फिर्याद केली. २००७ मध्यें ज्यूरीनें साडेअठरा कोटी डॉलरांची भरपाई ठरविली, आणि न्यायाधीशांनीं ती दुप्पट केली. मात्र गोअरच्या नळ्यांची विक्री बंद करण्यास त्यांनीं नकार दिला: कंपनीनें शुल्क भरावें, पण शस्त्रवैद्याच्या हातांतील साधन काढून घेऊं नये. संबंध खटल्यांत आम्हांस हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आपल्या कायद्यांत मुदत २० वर्षांची आहे, व ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. १९९५ पासून अमेरिकेनेंही तोच मार्ग धरला. यांत कचेरीच्या दिरंगाईचा तोटा संशोधकास सोसावा लागतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय कचेरीनें काम लवकर उरकणें हा होय; भांडण जितकें लांबेल तितका हक्क लांबावा, हा नव्हे. शिवाय मंजुरीनंतर तीन वर्षांनीं, वस्तु परवडणाऱ्या किंमतींत मिळत नसेल तर, दुसऱ्या कारखानदारास सक्तीचा परवाना मागतां येतो. २०१२ सालीं कर्करोगावरील एका औषधासाठीं मुंबईंतून असा परवाना दिला गेला व २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो कायम केला. तें कलम केवळ औषधांपुरतें नाहीं. रक्तवाहिनीच्या नळीसही तें लागू आहे.