गुप्तधनाचा वाटाड्या

यंदा आमच्या राहुरीच्या घरात दिवाळीच्या खरेदीवरून दोन तट पडले. चिरंजीवांना हवे होते जीपीएसचे हातयंत्र. कशासाठी? तर गुप्तधन शोधायला! धन म्हणजे कुणी तरी रानात दडवलेली डबी. ती हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि होती तिथे ठेवून द्यायची. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि त्याच आठवड्यात ओरेगॉनात हा जिओकॅशिंगचा खेळ सुरू झाला.

“मोबाईल असताना हे कशाला?” सौभाग्यवतींचा सवाल बिनतोड होता.

चिरंजीव चाचरत म्हणाले, “गेल्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकलो, तेव्हा मोबाईल बंद पडला होता. तुला सांगितलं नव्हतं.”

घर एकदम गप्प झाले. मग निवड सोपी झाली. ओल्या बोटांनी दाबता येतील अशी बटणे हवीत, उन्हात दिसेल असा पडदा हवा आणि गावातल्या दुकानात मिळणारे साधे सेल चालायला हवेत. उपग्रहावरून निरोप धाडणारे मात्र नको. त्याला सरकारी परवाना लागतो.

“आल्या वाटेने परत आणतं का ते?” सौभाग्यवतींनी विचारले.

“आणतं. चाललेली वाट टिपून ठेवतं.”

“मग घ्या. तुमचं गुप्तधन राहू दे. आमचं धन घरी आलं म्हणजे झालं!”