म्हणे, डबा बडवून फायदाच झाला नाही!

बेसबॉलवर लिहिलं की मित्र विचारतात, "तुला काय करायचंय अमेरिकेचं?" तरी लिहितोय. कारण चोरी पकडल्यावरचे बहाणे सगळीकडे सारखेच असतात.

२०१७ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज वर्ल्ड सिरीज जिंकले. २०१९ च्या नोव्हेंबरात भांडं फुटलं. घरच्या मैदानावर कॅमेऱ्यातून कॅचरच्या बोटांच्या खुणा बघायच्या आणि कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला कळवायचं. डबा वाजला की हळू किंवा वळणारा चेंडू, शांतता असली की वेगवान.

आता त्यांचे चाहते आकडे फेकतात. त्या वर्षी संघाची सरासरी घरी .२७९, बाहेर .२८४. म्हणजे फायदा शून्य, विषय संपला!

अहो, डबा वाजला नसता तर घरी किती झाली असती, हे .२७९ सांगतं का? पिचर साडेसाठ फुटांवर उभा असतो. ताशी ९५ मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, बॅट फिरवायची. यातलं पहिलं काम कुणी आयतं करून दिलं तर?

मान्य, चेंडू कळला म्हणून तो बॅटवर बसतोच असं नाही. खूण चुकतेही. पण एका चाहत्याने सामन्यांच्या चित्रफिती बघून मोजलं, १,१४३ वेळा डबा वाजला होता. फायदा नव्हता तर एवढा कशाला बडवला?

४ ऑगस्ट २०१७ ला टोरंटोचा माइक बोल्सिंगर तिथे पिचिंगला आला. एकच जण बाद, ४ धावा. त्यानंतर तो मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. डब्यामुळेच झालं हे सिद्ध करता येणार नाही. पण संशय त्याने का सोसायचा?

क्लबला ५० लाख डॉलर दंड, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभर निलंबित. खेळाडूंना शिक्षा नाही, विजेतेपदही कायम.

आपला फलंदाज मनगट बघून गुगली ओळखतो, ती नजर. कॅमेरा लावून ओळखणं ही चोरी. पेपर फोडूनही पोरगा नापास झाला, म्हणून पेपर फुटलाच नाही असं म्हणणार का तुम्ही?