नर्स ‘डॉक्टर’ झाली, तर तिला हाक काय मारायची?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या एका समितीने ‘व्यावसायिक पदवी’ कशाकशाला म्हणायचं, याची व्याख्या ठरवली. त्या यादीत डॉक्टरी आहे, वकिली आहे, दातांची डॉक्टरकी आहे, गुरांची डॉक्टरकी आहे, अगदी धर्मोपदेशकाचं शिक्षणसुद्धा आहे. नर्सिंग मात्र नाही! तिकडच्या नर्सेसनी यावर मोठा गदारोळ केला. आपल्याकडच्या पेपरात ती बातमी आलीच असेल तर कुठेतरी आतल्या पानावर, चार ओळींत. पण मैत्रिणींनो, आज आपल्या तालुक्यातालुक्यांतून मुली जीएनएमला, बीएस्सी नर्सिंगला जाताहेत, आणि त्यातल्या कितीजणींच्या डोळ्यांत परदेशाचं स्वप्न असतं हे मी सांगायला नको. म्हणून म्हटलं, या बातमीच्या जरा आत शिरून पाहू या.

आधी हे सांगते की वाद शब्दावरून दिसत असला तरी खरा पैशांचा आहे. जुलै २०२५ मध्ये तिकडे नवा कायदा झाला. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी सरकार जे जवळजवळ हवं तेवढं कर्ज देत असे, ती सोय १ जुलै २०२६ पासून बंद करायचं त्यात ठरलं. त्याऐवजी ‘व्यावसायिक’ पदवी घेणाऱ्याला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर. बाकी सगळ्यांना वर्षाला साडेवीस हजार आणि एकूण १ लाख. म्हणजे नर्सिंगमध्ये डॉक्टरेट करू पाहणाऱ्या मुलीची गणना ‘बाकी सगळ्यां’त. खात्याचं म्हणणं असं, की ही व्याख्या फक्त कर्जापुरती आहे, कोणाची लायकी ठरवण्याचा त्यात हेतू नाही, आणि बहुतेक नर्सिंगच्या विद्यार्थिनी एवढं कर्ज घेतच नाहीत. असेल. पण धर्मोपदेशक व्यावसायिक आणि नर्स नाही, हे वाचून कोणत्या सिस्टरला राग येणार नाही?

आता तुम्ही म्हणाल, नर्सला डॉक्टरेट हवी कशाला? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेत ‘नर्स प्रॅक्टिशनर’ नावाची एक पायरी आहे. साधी नर्स आणि डॉक्टर यांच्या मधली. ती रुग्ण तपासते, तपासण्या लिहून देते, निदान करते आणि औषधाची चिठ्ठीही लिहिते. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड नावाच्या नर्सने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांच्या साथीने याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्डबाई खेड्यापाड्यांतून आरोग्यसेवेचं काम केलेल्या. डॉक्टर लांब, आया-मुलं जवळ, आणि मधे फक्त नर्स, हे त्यांनी रोज पाहिलेलं. बाळाचं वजन, वाढ, लसी, साधे आजार हे सगळं शिकलेली नर्स नीट सांभाळू शकते, मग तिला तसं रीतसर शिकवावं आणि तसा अधिकार द्यावा, एवढीच त्यांची मागणी. गंमत म्हणजे त्यांना विरोध फक्त डॉक्टरांनी केला नाही, नर्सिंग शिकवणाऱ्या बायांनीही केला. (हे आपल्याला काही नवीन नाही!) फोर्डबाई जानेवारी २०२५ मध्ये वारल्या तेव्हा १०४ वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या त्या एका वर्गाच्या अमेरिकेत ४ लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर झाल्या होत्या.

त्यांच्या हातून होणारे उपचार कमी प्रतीचे असतात का, हेही तपासून झालंय. २००० साली न्यूयॉर्कमध्ये मेरी मंडिंगर यांच्या गटाने १३१६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणी नर्सकडे जायचं आणि कोणी डॉक्टरकडे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडच्या रुग्णांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अर्थात ही नेहमीच्या, बाह्यरुग्ण विभागातल्या आजारांची गोष्ट. हृदयाच्या शस्त्रक्रियेची नव्हे.

हे सगळं मास्टर्सच्या पदवीवर चाललं होतं. मग २००४ मध्ये तिकडच्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने ठराव केला, की २०१५ पर्यंत ही पायरी मास्टर्सवरून डॉक्टरेटवर न्यायची. ही डॉक्टरेट म्हणजे आपल्याकडची पीएचडी नव्हे बरं का. पीएचडीत संशोधन करायचं, प्रबंध लिहायचा. ही ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, म्हणजे डीएनपी, कामाची डॉक्टरेट. बीएस्सीनंतर तीन-चार वर्षं, मास्टर्स झालेलं असेल तर दीड-दोन वर्षं. त्यात किमान १००० तास प्रत्यक्ष कामाचे, शिवाय दवाखान्याचा कारभार, आरोग्य धोरण, आकडेवारी, आणि शेवटी एक प्रकल्प. २०१५ आलं आणि गेलं, ठराव कागदावरच राहिला. २०१८ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर घडवणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटनेने पुन्हा २०२५ ची तारीख दिली. तीही गेली. भूल देणाऱ्या नर्सेससाठी मात्र २०२२ पासून नव्याने प्रवेश घेताना डॉक्टरेट सक्तीची झाली. बाकी नर्स प्रॅक्टिशनरचं लायसन मास्टर्सवरही मिळतं.

मला खरा प्रश्न इथे पडतो. लायसन तेच, काम तेच, औषधं लिहिण्याचा अधिकारही तोच. मग जास्तीची दोन वर्षं आणि जास्तीचं कर्ज कोणासाठी? पुढे शिकवायचंय, मोठ्या रुग्णालयाचा कारभार पाहायचाय, तिला डीएनपीचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण जिला रुग्णच तपासायचे आहेत, तिच्यासाठी पदवीची उंची वाढवण्यात मला विद्यापीठांचा फायदा जास्त दिसतो.

माझ्या मैत्रिणीची मुलगी टेक्सासमध्ये आहे. आमच्याच गावची, इथूनच बीएस्सी नर्सिंग करून गेलेली. आयसीयूत रात्रपाळ्या करते, ग्रीन कार्ड आहे, पदरात सहा वर्षांचा मुलगा. तिने मास्टर्सला नाव घातलं तेव्हा कॉलेजवाल्यांनी विचारलं, आता एवढं करतेच आहेस तर सरळ डीएनपीच कर की! तिने फोनवर आईला हिशेब सांगितला आणि आईने मला. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये तिकडच्या साध्या नर्सचा मधला पगार वर्षाला ८६ हजार डॉलर, तर नर्स प्रॅक्टिशनरचा सव्वा लाखाच्या पुढे. ही उडी मोठी. पण ती मास्टर्सवरही मिळते. त्यापुढे डॉक्टरेटने पगारात पडणारी भर किरकोळ. शिवाय टेक्सासमध्ये नर्स प्रॅक्टिशनरला औषधं लिहायची तर एखाद्या डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो, मग तुम्ही मास्टर्स असा की डॉक्टरेट. हद्द ओलांडून शेजारच्या न्यू मेक्सिकोत गेलं की असा करार लागत नाही. बाईचं ज्ञान तेच, फक्त राज्य बदललं!

आणि इतकं करून नावापुढे ‘डॉक्टर’ लावायचं, तर तिथेही भांडण. कॅलिफोर्नियात डीएनपी झालेल्या एका नर्सने स्वतःची ओळख डॉक्टर अशी करून दिली म्हणून २०२२ मध्ये तिला सुमारे २० हजार डॉलर भरावे लागले. २०२३ मध्ये अशाच तीन नर्सेस कोर्टात गेल्या. आम्ही डॉक्टरेट मिळवलीय आणि आपण नर्स आहोत हेही सांगतो, मग आक्षेप का, असं त्यांचं म्हणणं. २०२५ मध्ये निकाल लागला तो राज्याच्या बाजूने. दवाखान्यात ‘डॉक्टर’ म्हटलं की रुग्णाला एकच अर्थ कळतो, त्याची दिशाभूल होते, असं कोर्टाला वाटलं. मला या नर्सेसबद्दल सहानुभूती आहे, पण निकाल चूक म्हणवत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाने समोरच्या पाटीवरच्या पदव्यांचा अर्थ कधी लावायचा?

तिकडच्या डॉक्टरांची संघटना तासांचा हिशेब मांडते. डॉक्टर तयार होताना १२ ते १६ हजार तास रुग्णांजवळ काढतो. नर्स प्रॅक्टिशनरसाठी किमान अट वर्षानुवर्षं ५०० तासांची होती, २०२२ मध्ये ती ७५० करा असं ठरलं. नर्सेस म्हणतात, आमची आधीची वॉर्डातली वर्षं कुणी मोजायची? बरोबर आहे. पण काही ठिकाणी वॉर्डात फारसं काम न केलेल्या मुलींनाही घरबसल्या ऑनलाइन शिकवून पुढे ढकललं जातंय आणि प्रत्यक्ष शिकण्यासाठी डॉक्टर किंवा अनुभवी नर्स विद्यार्थिनीनेच शोधून आणायची असते. पदवीचं नाव मोठं आणि हाताखालून गेलेले रुग्ण मोजके, हे कुठल्याही देशात धोक्याचंच.

माझ्या थोरल्या जाऊबाई सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होत्या. त्यांना हे सगळं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘‘अगं, रात्री दोनला बाई अडली की आम्ही काय वेगळं करत होतो? फक्त सकाळी सही साहेबांची!’’

त्या एका वाक्यात आपल्याकडची सगळी परिस्थिती आली. इकडेही प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २०१६-१७ च्या सुमारास भारतीय नर्सिंग परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणला, त्यात बहुतांश वेळ प्रत्यक्ष रुग्णांजवळ. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने बाळंतपणासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ तयार करायचं धोरण जाहीर केलं, ते दीड वर्षाचं प्रशिक्षण. २०२३ मध्ये १९४७ चा जुना कायदा बाजूला ठेवून नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदाही झाला. पण शिकून आलेल्या मुलीसाठी वेगळं पद, वेगळा पगार, आणि कोणती औषधं ती स्वतःच्या सहीने देऊ शकते याची स्पष्ट यादी हे बहुतेक ठिकाणी नाहीच. मग ती पुन्हा त्याच वॉर्डात, त्याच ड्यूटीवर. आपल्या महाराष्ट्रात तर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायची वेळ आली तेव्हा सुरुवातीला निवड झाली ती बीएएमएस डॉक्टरांची. नर्सिंगच्या मुलींना दार नंतर उघडलं. आणि औषधाची चिठ्ठी कोणी लिहायची, हा प्रश्न किती नाजूक आहे ते २०२५ मध्ये आपण पाहिलंच. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर अॅलोपॅथीची नोंदणी द्यायची म्हटल्यावर अॅलोपॅथी डॉक्टरांनी संप पुकारला. या सगळ्या भांडणात सिस्टरचं नाव कोणी घेतलं? दवाखाने चालतात तिच्या जिवावर, पण हक्कदारांच्या रांगेत ती दिसतच नाही.

तेव्हा घरात नर्सिंगला जाणारी मुलगी असेल आणि तिच्या तोंडी ‘डीएनपी’ हा शब्द येत असेल, तर तिला नाउमेद करू नका, पण काही गोष्टी आधी नीट समजून घ्या. जीएनएमवर ही वाट उघडत नाही, बीएस्सी नर्सिंग लागतं. तिकडे आधी एनसीएलईएक्स परीक्षा देऊन साधी नर्स व्हावं लागतं, आणि थोडा अनुभव पदरी असलेला बरा. ते सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, शिकायला म्हणून व्हिसावर गेलेल्या मुलीला ते आधीही मिळत नव्हतं. म्हणजे पैसा घरचा किंवा इथल्या बँकेचा, बहुधा घर नाहीतर जमीन तारण ठेवून. नर्स म्हणून ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहायचं तर भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. ‘घरी बसून अमेरिकेची डॉक्टरेट’ अशी जाहिरात कोणी दाखवली, तर प्रत्यक्ष रुग्णांजवळचे तास कुठे आणि कोणाच्या हाताखाली करायचे, हे पहिलं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि ती पदवी घेऊन परत आलात, तर तिच्या जोरावर इथे औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

मैत्रिणीच्या मुलीने मास्टर्सच ठेवलंय. डॉक्टरेटचं पुढे मुलगा मोठा झाल्यावर बघू, म्हणते. तोवर तिच्या टेक्सासमधला करार सुटला तर तिला ते जास्त हवंय.