चरण पाठ करू नका, उभे राहून ओळखा

नववीच्या चाचणीत (−३, ४) हा बिंदू मी चौथ्या चरणात आहे असे लिहिले. तो दुसऱ्या चरणात असतो. गुण गेला आणि उत्तरपत्रिकेवर शेरा आला, ‘निष्काळजीपणा’. हा शेरा मला अर्धाच पटतो. मी चरण पाठ केले होते, समजून घेतले नव्हते. आणि माझ्या मते आपण कॅडेट ही चूक इतरांपेक्षा सहज करतो.

त्याचे कारण पाहा. नकाशावाचनात उस्ताद आपल्याला बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायला शिकवतात. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० अंश. गणितात चरणांचे क्रमांक मात्र उजवीकडच्या वरच्या भागापासून काट्यांच्या उलट दिशेने जातात. मैदानावरची सवय वर्गात आणली, की पहिला आणि तिसरा चरण बरोबर येतो, पण दुसऱ्या आणि चौथ्याची अदलाबदल होते. माझे नेमके तेच झाले.

सुट्टीत मी घरी बोम्मसंद्राला गेलो. बाबा तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या यलो लाइनचे शेवटचे स्थानक तिथे आहे. त्या स्थानकालाच मी आरंभबिंदू मानले आणि उत्तरेकडे तोंड करून उभा राहिलो. पूर्व आणि उत्तर धन, पश्चिम आणि दक्षिण ऋण. सर्जापूर ईशान्येला, म्हणजे (+, +), पहिला चरण. इलेक्ट्रॉनिक सिटी वायव्येला, (−, +), दुसरा. जिगणी नैर्ऋत्येला, (−, −), तिसरा. चंदापुरा आग्नेयेला, (+, −), चौथा. आनेकल जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. एखादा बिंदू अगदी अक्षावरच असेल, तर तो कोणत्याच चरणात नसतो, हेही तिथेच पक्के झाले.

आईने विचारले, “मग आपलं सोलापूर?” मी म्हणालो, “दुसऱ्या चरणात.” ती म्हणाली, “आणि आजी तिथून बघेल तेव्हा आपण?” मी क्षणभर थांबलो. चौथ्या! आरंभबिंदू बदलला, की चरणही बदलतो. हे मला पुस्तकाने नाही, आईने शिकवले.

एक मित्र म्हणतो, “सैन्याच्या नकाशावर ऋण आकडे नसतातच, मग कशाला डोके शिणवायचे?” त्याचे म्हणणे खोटे नाही. यूटीएम जाळीत मध्य रेखावृत्तालाच ५,००,००० मीटर हा आकडा देतात, म्हणजे पश्चिमेकडचे आकडेही धनच राहतात. पण आपल्या जागेपासून डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे अंतर सांगायची वेळ आली, की चिन्हे परत येतात. (−३, ४) आणि (३, −४) हे दोन्ही बिंदू किलोमीटरमध्ये धरा. दोन्ही आपल्यापासून ५ किलोमीटरवर, पण एकमेकांपासून १० किलोमीटर लांब. आकडे बरोबर सांगून चिन्हे चुकली, तर मदत पाठीमागच्या दिशेला जाईल.

म्हणून माझी एक सूचना आहे. परेड मैदानावर चुन्याने दोन अक्ष आखावेत. गणिताचे सर आणि उस्ताद यांनी मिळून एक तास घ्यावा. सरांनी बिंदू सांगावा आणि कॅडेटने धावत जाऊन तिथे उभे राहावे. जो चुकेल, त्याला स्वतःलाच दिसेल की आपण इतरांपासून किती दूर उभे आहोत. पहिला बिंदू (−३, ४) असेल, तर धावायला मी तयार आहे.